राजवाड्याच्या हिरवळीवर चहाला जाताना

माझ्या पत्नीच्या नावाने आलेले जाडजूड पाकीट मी बँकेचे समजून दोन दिवस फडताळावर ठेवून दिले होते. तिसऱ्या दिवशी तिने ते उघडले, तेव्हा आत राजचिन्हाचा ठसा असलेले कार्ड निघाले आणि त्यावरचा मजकूर एखाद्या बखरीतून उचलल्यासारखा होता : महाराज आणि महाराणी यांची आज्ञा झाल्यावरून लॉर्ड चेंबरलेन (राजदरबाराच्या कारभाराचे प्रमुख) अमुक यांस बकिंगहॅम राजवाड्यातील गार्डन पार्टीस निमंत्रित करीत आहेत. जिची वीस वर्षे रुग्णालयाच्या रात्रपाळीत गेली, तिला ते "अमुक यांस" वाचून आधी हसू आले आणि नंतर संध्याकाळभर ती फारशी बोललीच नाही. मी तिच्यासोबतचा पाहुणा म्हणून गेलो. सोबत्याला स्वतःच्या कौतुकाचे दडपण नसते, त्यामुळे आजूबाजूला नीट पाहता येते. पुढची माहिती त्या पाहण्यातून आणि आधीच्या दोन महिन्यांच्या धावपळीतून जमलेली आहे.

ब्रिटनमधील मराठी माणसे रुग्णालयांत, शाळांत, नगरपालिकांत, अन्नछत्रांत आणि मंडळांत काम करतात, आणि अशी पाकिटे आपल्या घरांतही येतात. निमंत्रणासोबतचे सूचनापत्रक अत्यंत नेमके असते, परंतु साडी चालेल का, पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर काय करायचे, नमस्कार करायचा की हात मिळवायचा, हे आपल्या घरात पडणारे प्रश्न त्यात नसतात.

हा समारंभ नेमका कसला

या मेजवान्यांची सुरुवात व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८६०च्या दशकात झाली. त्या वेळी त्यांना "ब्रेकफास्ट" म्हणत, जरी त्या दुपारी होत असत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याभोवती खानदानी घराण्यांचे वलय होते. उपवर मुलींना दरबारात सादर करण्याची जुनी प्रथा १९५८ मध्ये बंद झाली, गार्डन पार्ट्यांची वार्षिक संख्या दोनावरून तीनवर गेली आणि हळूहळू हा समारंभ सार्वजनिक सेवेची दखल घेण्याचा झाला. आज साधारणपणे दर उन्हाळ्यात बकिंगहॅम राजवाड्यात तीन आणि एडिंबराच्या होलीरूडहाउस राजवाड्यात एक अशा पार्ट्या होतात. एका पार्टीला सुमारे ८,००० पाहुणे असतात आणि त्यांच्यासाठी जवळपास २७,००० कप चहा, २०,००० सँडविच आणि २०,००० केकचे तुकडे लागतात. म्हणजे दरडोई तीन कपांहून अधिक चहा. हे वाचून मला आपल्याकडच्या लग्नातल्या आचाऱ्याची आठवण झाली, जो माणसे मोजत नाही, कप मोजतो.

राष्ट्रपती भवनात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला होणाऱ्या "ॲट होम"ची कल्पना ज्यांना आहे, त्यांना या समारंभाचा बाज लवकर कळेल : हिरवळ, बँड, चहा, आणि यजमानांचे पाहुण्यांमधून फिरणे. पदक येथे मिळत नाही, व्यासपीठ नसते, भाषण होत नाही, कोणाचे नाव पुकारले जात नाही. पदकांची व्यवस्था निराळी आहे, मात्र दोन्हींचा एक सांधा आहे. ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालेल्यांना ते पदक त्यांच्याच परगण्यात लॉर्ड-लेफ्टनंटच्या, म्हणजे त्या भागातील राजाच्या प्रतिनिधीच्या, हस्ते दिले जाते आणि पुढे त्यांना गार्डन पार्टीचे निमंत्रण येते. बाकीच्या हजारो पाहुण्यांकडे कसलेही पदक नसते. कोणी पंचवीस वर्षे शाळेसमोरचा रस्ता मुलांना ओलांडून दिलेला असतो, तर कोणी गावातले ग्रंथालय बंद पडू दिलेले नसते.

नाव जाते कसे

स्वतःच स्वतःचा अर्ज करून निमंत्रण मिळवावे, अशी ही व्यवस्था नाही. नावे सुचवण्याचा अधिकार ठरावीक यंत्रणांकडे असतो : परगण्यांचे लॉर्ड-लेफ्टनंट; सरकारी खाती आणि स्थानिक नगरपालिका; विविध संस्था व संघटना; तसेच चर्च आणि इतर धर्मसमुदायांचे प्रतिनिधी. अंतिम निमंत्रण राजातर्फे लॉर्ड चेंबरलेनच्या नावे निघते. प्रवेशाला शुल्क नाही आणि प्रवेशपत्र विकत मिळत नाही. ते विकणारा कोणी भेटला, तर तो ठग आहे असे खुशाल समजावे. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मात्र आपला आपण करायचा असतो.

तेव्हा आपल्या ओळखीतील एखाद्याचे काम दखलपात्र वाटत असेल, तर पहिली पायरी म्हणजे त्या परगण्याच्या लॉर्ड-लेफ्टनंटच्या कार्यालयाचे संकेतस्थळ पाहणे. अनेक परगण्यांत शिफारशीचा छोटा अर्ज असतो आणि त्याची मुदत पार्टीच्या कितीतरी महिने आधी संपते. मे महिन्यातल्या पार्टीसाठी मार्चमध्ये धावपळ सुरू केली, तर ती फुकट जाते. आधी एकदा जाऊन आलेल्या व्यक्तीचे नाव बहुतेक ठिकाणी पुन्हा घेत नाहीत, तेवढी चौकशी आधी करावी.

अर्जातला मजकूर कसा लिहावा, यावर थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपली माणसे येथेच चुकतात. आपण गौरवपर लिहायला बसलो की लेखणी सत्काराच्या मानपत्राकडे वळते : हसतमुख व्यक्तिमत्त्व, अष्टपैलू, सर्वांच्या मदतीला धावणारे. हे सगळे खरे असले, तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी असे लिहावे : "या बाई गेली बारा वर्षे दर रविवारी सकाळी चर्चच्या सभागृहात मुलांचा मराठी वर्ग घेतात. सुरुवातीला सहा मुले होती, आता चाळीस आहेत. सभागृहाचे भाडे पहिली तीन वर्षे त्यांनी स्वतः भरले. वर्ग संपल्यावर खुर्च्या रचून ठेवण्याचे कामही त्या करतात, कारण दुपारी तेथे दुसरा कार्यक्रम असतो." वर्षे, आकडे, आणि खुर्च्यांसारखा एखादा बारीक तपशील. एवढ्याने ती बाई डोळ्यांसमोर उभी राहते.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या १९३२ पासून चालत आलेल्या संस्थेपासून ते गेल्या वर्षी सुरू झालेल्या ढोल-ताशा पथकापर्यंत कोणत्याही गटातील व्यक्तीचे काम अशा शिफारशीत बसू शकते. एक मत मात्र स्पष्ट मांडतो. नाव सुचवायचे म्हटले की आपल्याकडे मान वर जाते ती व्यासपीठाकडे. व्यासपीठावरच्यांना मान मिळण्याच्या इतर जागा पुष्कळ असतात. ज्यांना कधीच हार घातला जात नाही, त्यांच्यासाठी ही जागा ठेवावी.

सन्मानाच्या पदकांसाठी शिफारस करताना त्या व्यक्तीला कळू न देण्याचा संकेत आहे. गार्डन पार्टीच्या बाबतीत तो पाळणे अवघड असते, कारण पाहुण्याची आणि सोबत्याची पूर्ण नावे, जन्मतारखा आणि पत्ते लागतात, आणि ते विचारल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणून आधीच सांगावे, पण "नाव पाठवले आहे" एवढेच सांगावे. सुचवलेल्या प्रत्येकाला निमंत्रण येतेच असे नाही.

नावांचा घोळ आणि तो टाळण्याचा मार्ग

सुरक्षा तपासणी ही या संपूर्ण दिवसातली एकमेव जागा आहे, जेथे खरोखर अडकायला होऊ शकते, आणि मराठी नावांमुळे तो धोका थोडा अधिक आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव ही आपली तीन पदरी पद्धत भारतीय कागदपत्रांत एका प्रकारे येते, ब्रिटिश कागदपत्रांत दुसऱ्या प्रकारे. कोणाच्या पासपोर्टवर मधले नाव आहे, वाहन परवान्यावर नाही. कोणाचे माहेरचे आडनाव नोकरीत चालू आहे आणि सासरचे बँकेत. कोणाचे घरी रूढ झालेले नाव कागदावर कुठेच नाही.

आमच्या बाबतीत चूक सर्वस्वी माझी होती. सोबत्याची माहिती पाठवताना मी माझे नाव सवयीप्रमाणे दोन शब्दांत लिहिले, तर पासपोर्टवर ते वडिलांच्या नावासह तीन शब्दांत आहे. फाटकावरच्या अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, मधल्या नावावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "हे कोण?" मी म्हणालो, "माझे वडील." मागच्या रांगेत कोणीतरी हसले. सुदैवाने तीन शब्दांचे नाव असलेले वीजबिल मी बरोबर घेतले होते आणि जन्मतारीख, पत्ता सगळे जुळत होते, त्यामुळे पाचेक मिनिटांत सुटका झाली. पण ती पाच मिनिटे पत्नी ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होती, ती रात्रपाळीतल्या नव्या डॉक्टरांना परिचयाची असावी.

म्हणून माहिती पाठवताना पासपोर्ट समोर उघडा ठेवावा आणि त्यावरचे नाव अक्षर न अक्षर उतरवून काढावे. वापरातले नाव वेगळे असेल, तर अर्जातच तसे नमूद करावे. निमंत्रण आल्यावर प्रवेशपत्रावरची स्पेलिंग त्याच दिवशी तपासावीत आणि चूक दिसल्यास पत्रकात दिलेल्या पत्त्यावर लगेच कळवावी. जाण्याच्या दिवशी प्रवेशपत्र, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि पत्रकात मागितलेला दुसरा पुरावा एकाच पाकिटात ठेवावा. आडनाव बदललेले असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत जवळ असणे बरे. प्रवेशपत्र ज्याच्या नावाचे आहे, त्यालाच चालते. ऐन वेळी नवऱ्याला सर्दी झाली म्हणून बहिणीला नेता येत नाही. जाणे जमणारच नसेल, तर तसे वेळेत कळवावे.

सोबत कोणाला न्यायचे, हा निर्णय घरात वाटतो तितका सोपा नसतो. भारतातून आई आलेली असते, नवरा गृहीत धरून बसलेला असतो, आणि जिच्याबरोबर पंधरा वर्षे काम केले ती सहकारी काही बोलत नाही. निमंत्रण ज्याच्या कामासाठी आहे, त्याने ठरवावे आणि इतरांनी गप्प बसावे. वयस्कर व्यक्ती बरोबर असेल, चालण्याचा त्रास असेल किंवा चाकाची खुर्ची लागणार असेल, तर आधी कळवून व्यवस्था विचारून घ्यावी, कारण तीन तास गवतावर उभे राहणे हे तिशीतल्या माणसालाही जाणवते.

काय नेसावे, काय घालावे

नियम थोडक्यात असे आहेत : पुरुषांनी साधा सूट, मॉर्निंग कोट (मागे लांब असणारा औपचारिक कोट) किंवा गणवेश, स्त्रियांनी दिवसाचा पोशाख, आणि त्यावर बहुधा हॅट किंवा केसांतला तिचा लहान अवतार, ज्याला फॅसिनेटर म्हणतात. राष्ट्रीय पोशाख चालतो, आणि नुसता चालतो असे नाही, तो तेथे खुलतो. आठ हजारांच्या त्या गर्दीत घानाचे केंटे, स्कॉटलंडचे किल्ट आणि नायजेरियाचे उंच शिरोवेष्टन शेजारी शेजारी दिसत होते. साडीवर हॅट घालण्याची काहीही गरज नाही, गजरा पुरतो.

साडी कोणती, या प्रश्नावर आमच्याकडे तीन आठवडे खल झाला. नऊवारीत चालणे सोपे जाते आणि गवतावर काठ लोळत नाही, हा तिचा मोठा फायदा. परंतु सवय नसेल तर पहिला प्रयोग राजवाड्यात करू नये. पत्नीने पैठणी नेसली. अनुभवाने सांगतो की पैठणी नेसायचीच असेल, तर त्या दिवशी जी पादत्राणे घालणार तीच घालून घरी एकदा नेसून पाहावी, निऱ्या नेहमीपेक्षा बोटभर वर घ्याव्यात आणि पदर खांद्यावर पिनेने पक्का करावा, कारण एका हातात बशी, दुसऱ्या हातात छत्री आणि वर वारा अशा अवस्थेत पदर सावरायला तिसरा हात नसतो. आदल्या रात्री पाऊस झालेला असेल, तर हिरवळ वरून कोरडी दिसते आणि खालून ओली असते. आमच्या शेजारच्या एका बाईंच्या शालूचा काठ घोट्यापर्यंत गडद झाला होता आणि जरीत गवताची पाती अडकली होती.

टोकदार उंच टाचांचे बूट घालू नयेत. टाच मऊ जमिनीत खिळ्यासारखी रुतते, पाय उचलला की बूट मागे राहतो, आणि हे हमखास रांग पुढे सरकत असताना घडते. रुंद टाच किंवा सपाट तळ उत्तम. कोल्हापुरी चपला दिसायला शोभतात, पण ओल्या गवतावर चामडे पाणी पिते आणि पाय घसरतो. आकाश निरभ्र असेल तरच त्या काढाव्यात. मे महिन्यातल्या लंडनच्या उन्हावर विश्वास ठेवू नये. पाच वाजल्यानंतर ऊन उतरले की रेशमी ब्लाउजमधून गारवा थेट हाडापर्यंत जातो, तेव्हा एक शाल असावीच.

पुरुषांसाठी मॉर्निंग कोट भाड्याने आणण्याचा खटाटोप मला अनावश्यक वाटला. निम्म्याहून अधिक लोक साध्या सूटमध्ये होते. बंदगळा किंवा शेरवानी शोभून दिसते. फेटा बांधायचा असेल तर तो घरूनच पक्का बांधून यावा आणि तपासणीत कोणी त्याविषयी विचारले, तर शांतपणे सहकार्य करावे. गणवेश आणि त्यावरची पदके यांबाबतच्या सूचना पत्रकात असतात, त्या तंतोतंत पाळाव्यात. छत्री बरोबर घ्यावी, शक्यतो पारदर्शक. दिवंगत एलिझाबेथ राणी तशीच वापरत असत, कारण तिच्यातून चेहरा दिसतो. पाहुण्यांच्या बाबतीत फायदा उलट आहे : मागच्या माणसालाही समोरचे दिसते. मोठी बॅग आणू नये. फोन आणि छायाचित्रे यांविषयी त्या वर्षीच्या पत्रकात जे लिहिले असेल, तेच खरे मानावे. आदल्या वर्षी जाऊन आलेल्याने काय सांगितले, यावर जाऊ नये.

फाटकापासून हिरवळीपर्यंत

फाटके दुपारी तीनला उघडतात, राजघराण्यातील मंडळी चारला बागेत येतात आणि सहाला समारंभ संपतो. रांगा मात्र दोनच्या आधीपासून लागतात. सकाळी पोटभर जेवून निघावे. "तिथे खायला असेलच" असे म्हणून उपाशी जाणारा माणूस साडेचारपर्यंत काकुळतीला येतो. ग्रीन पार्क, व्हिक्टोरिया, सेंट जेम्सेस पार्क आणि हाइड पार्क कॉर्नर ही भुयारी रेल्वेची जवळची स्थानके आहेत. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी गाडी उशिरा येणार हे धरूनच वेळ ठरवावी.

आत जाण्यासाठी एकाहून अधिक फाटके असतात. राजवाड्याच्या दर्शनी बाजूने जाण्याची मुभा असेल, तर रांग लांब असली तरी तीच घ्यावी. तेथून चौक ओलांडून इमारतीत शिरता येते आणि "बो रूम" नावाच्या अर्धवर्तुळाकार भिंतीच्या दालनातून मागच्या गच्चीवर निघता येते. दालनात काचेच्या कपाटांतून चिनी मातीची जुनी भांडी मांडलेली आहेत, पण थांबून पाहायला सवड मिळत नाही, मागून गर्दी येत असते. गच्चीच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवले की समोर एकदम हिरवळ उघडते. दीड तास रांगेत कुरकुरणारी माणसे त्या पायऱ्यांवर आपोआप गप्प होत होती. मागच्या किंवा बाजूच्या फाटकाने येणाऱ्यांना चालणे कमी पडते, मात्र हा क्षण मिळत नाही.

तीन ते चार हा तास सर्वांत मोकळा असतो, आणि बहुतेक लोक तो वाया घालवतात, कारण ते चार वाजताच्या जागा धरून उभे राहतात. बाग सुमारे ३९ एकरांची आहे. तळे आहे, १५६ मीटर लांबीचा फुलझाडांचा पट्टा आहे, गुलाबांचा वाफा आहे, व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी लावलेली, चिनारकुळातली प्लेन झाडे आहेत. एका बाजूला संगमरवराचा प्रचंड कुंभ उभा आहे, वॉटर्लू व्हाज. तो मुळात नेपोलियनच्या विजयाच्या स्मारकासाठी कोरायला घेतलेला; विजय काही झाला नाही, दगड इंग्लंडच्या राजाकडे आला, पण इतका जड की इमारतीतल्या कोणत्याही फरशीला पेलेना. नॅशनल गॅलरीत काही दशके काढून अखेर १९०६ मध्ये तो या बागेत आला. कोणाच्या विजयाचे स्मारक कोणाच्या बागेत चहाच्या वेळी पाहायला मिळेल, याचा नेम नाही.

चार वाजता

चारच्या ठोक्याला गच्चीवर राजघराण्यातील मंडळी येतात, बँड राष्ट्रगीत वाजवतो आणि सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. त्यानंतर हिरवळीवर गर्दीतून वाटा तयार होतात. त्या आखून धरतात लाल-सोनेरी जुन्या पोशाखातले "यीमेन ऑफ द गार्ड". हे दल सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये उभे केले. टॉवर ऑफ लंडनवरचे पहारेकरी वेगळे, पोशाखाच्या साम्यामुळे सगळेच त्यांची गल्लत करतात. राजा, राणी आणि इतर सदस्य वेगवेगळ्या वाटांनी निघतात, त्यामुळे कोणत्या वाटेवर उभे राहिल्यास कोण दिसेल हे आधी सांगता येत नाही.

वाटेतून पुढे चालणारे "जंटलमन अशर" पाहुण्यांशी बोलतात आणि त्यांतून काहींना पुढे बोलावून ओळख करून देतात. ही निवड बरीचशी ऐन वेळची असते. तुम्ही कुठून आलात, काय करता, असे ते सहज विचारतात, आणि येथे तयारी उपयोगी पडते. माझ्या पत्नीचे पहिले उत्तर होते, "मी एनएचएसमध्ये आहे." तेथे शेकडो लोक एनएचएसमधले, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतले, असतात. घरी मी तिला म्हटले होते की रात्री तीन वाजता वॉर्डात काय असते ते सांग, म्हणून दुसऱ्या वाक्यात तिने सांगितले, "मी वृद्धांच्या वॉर्डात रात्रपाळी करते, पहाटे जे घाबरून उठतात, त्यांना मी चहा करून देते आणि कुठल्या गावचे ते विचारते." अशर थांबले. दोन वाक्ये, त्यांत एक चित्र. याहून अधिक काही पाठ करून जाऊ नये.

ओळख झालीच, तर शिष्टाचाराचा बाऊ करू नये. सक्तीचा असा कोणताही नियम नाही. परंपरा पाळायची असेल, तर पुरुषांनी केवळ मान किंचित झुकवावी, स्त्रियांनी गुडघ्यात हलकेच वाकावे. नुसते हस्तांदोलनही पुरते, मात्र हात पुढे होण्याची वाट पाहावी. राजाला पहिल्यांदा "युवर मॅजेस्टी" आणि पुढे "सर" म्हणावे. राणीला "युवर मॅजेस्टी" आणि नंतर "मॅम", उच्चार ऱ्हस्व, "माम" नव्हे. कमरेत वाकून मुजरा घालू नये. हा सल्ला अनावश्यक वाटेल, पण आमच्या ओळखीच्या एका उत्साही गृहस्थांनी घरच्या सरावात तो घालून दाखवला होता. हात जोडून नमस्कार केल्यास काहीही बिघडत नाही. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीच्या दिवसांत, त्या वेळचे युवराज चार्ल्स यांनी लंडनच्या एका समारंभात पुढे केलेला हात आवरून नमस्कार केला होता, आणि ते दृश्य जगभर पाहिले गेले. बोलणे एक-दोन मिनिटांचे असते. प्रश्नाचे उत्तर द्यावे, तक्रार किंवा निवेदन मांडू नये, भेटवस्तू पुढे करू नये.

आणि ओळख झाली नाही तर? आठ हजारांपैकी बहुतेकांची होत नाही. आमच्या वाटेवरून गेलेली राजघराण्यातील व्यक्ती आमच्यापासून चार हातांवर थांबली आणि शेजारच्या आजोबांशी बोलली, ज्यांनी चाळीस वर्षे एका गावातला अँब्युलन्स स्वयंसेवक गट चालवला होता. नंतर अर्धा तास आम्ही त्यांच्याशीच बोलत बसलो. त्यांना काय बोलणे झाले ते काहीच आठवत नव्हते, हात मात्र थरथरत होते, आणि पत्नीने सवयीने त्यांची नाडी पाहिली.

चहा आणि नंतर

चहाचे तंबू लांबलचक असतात. राजघराण्याचा तंबू वेगळा, राजदूतांचा वेगळा. पाहुण्यांच्या तंबूपुढे चारच्या सुमारास आणि लगेच नंतर गर्दी उसळते. आमचा अनुभव असा की साडेतीनच्या आत पहिला कप घ्यावा, किंवा सरळ पाचपर्यंत थांबावे. मद्य दिले जात नाही. काकडीचे सँडविच, स्कोन, छोटे केक आणि थंड कॉफी असा बेत असतो. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, पण केकमध्ये अंडे असते हे धरून चालावे आणि अंडे वर्ज्य असेल तर वाढणाऱ्याला विचारावे. खुर्च्या सर्वांना पुरत नाहीत. रिकामी दिसली की वयस्कर सोबत्याला बसवून मगच रांगेत जावे. बँड आलटून पालटून वाजत असतात आणि बँडजवळची सावली सर्वांत आधी भरते.

एडिंबराच्या पार्टीची रचना हीच आहे. ती जून-जुलैच्या सांध्यावर, राजाच्या होलीरूडमधील वास्तव्याच्या आठवड्यात होते. यीमेनच्या जागी तेथे हिरव्या पोशाखातले, टोपीत गरुडाचे पीस खोवलेले धनुर्धारी, "रॉयल कंपनी ऑफ आर्चर्स", असतात. एका अंगाला पडक्या मठाच्या कमानी आणि मागे आर्थर्स सीटचा डोंगर. तेथला वारा लंडनच्या वाऱ्याहून द्वाड, म्हणून हॅट किंवा फेटा घट्ट बसवावा. उत्तर आयर्लंडमध्ये हिल्सबरो कॅसलवरही गार्डन पार्टी होते. तिचे यजमानपद ब्रिटिश सरकारातील उत्तर आयर्लंड खात्याच्या मंत्र्यांकडे असते.

सहाच्या सुमारास पुन्हा राष्ट्रगीत होते आणि मंडळी निघतात. बाहेर पडताना सगळ्यांनी एकाच वेळी स्थानकाकडे वळू नये. व्हिक्टोरियाला त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. सेंट जेम्सेस पार्कमधून रमतगमत गेल्यास अर्ध्या तासाने गाड्या रिकाम्या होतात, आणि पिशवीत घडीच्या चपला ठेवल्या असतील तर त्या बदलण्यासाठी बाकेही तेथे असतात. घरी आल्यावर साडीचा काठ लगेच ओल्या फडक्याने टिपावा, घासू नये, आणि साडी सावलीत पसरावी. गवताचा हिरवा डाग एकदा वाळला की जरीच्या जवळून काढणे धुलाईवाल्यालाही जड जाते. ज्यांनी नाव सुचवले त्यांना चार ओळींचे पत्र आठवड्याच्या आत लिहावे.

आमचे पत्र पाठवून झाल्यावर पत्नीने त्याच कार्यालयाकडून पुढच्या वर्षीच्या शिफारशींची मुदत विचारून घेतली. तिच्या वॉर्डात पहाटे साडेचारला फरशी पुसायला येणाऱ्या बाईंचे नाव तिने अर्जात लिहिले, आणि "किती वर्षे" या रकान्यापाशी अडल्यावर मला फोन बाजूला ठेवायला सांगून थेट त्यांनाच विचारायला त्या रात्री थोडी लवकर कामावर गेली.